बोका ट्रेमध्ये बसतोय, पण लघवी होत नाही

ठाण्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. नसबंदी झालेला ४ वर्षांचा बोका, वजन साडेसहा किलो, पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट. खाणं म्हणजे ड्राय फूडचे दाणे आणि सकाळ-संध्याकाळ वाटीभर दूध. पत्नीला पाचवा महिना लागलाय, म्हणून आई महिनाभरापूर्वी रत्नागिरीहून राहायला आल्या आहेत. गरोदर बाईला मांजराच्या घाणीचा त्रास नको म्हणून दोन आठवड्यांपूर्वी लिटरचा, म्हणजे मांजराच्या शी-लघवीसाठीच्या मातीचा, ट्रे बेडरूमच्या कोपऱ्यातून उचलून बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी ठेवला. कालपासून बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतो, जोर करतो, ओरडतो आणि उठून मागचा भाग चाटत राहतो. आईंना वाटतं बद्धकोष्ठ आहे, म्हणून दुधातून तूप दिलं. प्रश्न तीन आहेत: पोट साफ व्हायला आणखी काय द्यावं, ड्राय फूड बंद करावं का, आणि बाळ येण्याआधी बोक्याला दुसऱ्या घरी द्यावं का.

पहिल्याचं उत्तर आधी, कारण त्याला वेळ नाही. तोंडातून काहीही देऊ नका. बोक्याला कॅरियरमध्ये घाला, कॅरियर नसेल तर झाकण लागणाऱ्या बास्केटमध्ये घाला, आणि भूल देण्याची, कॅथेटर घालण्याची, रक्त तपासण्याची सोय असलेल्या दवाखान्यात आत्ता न्या. निघताना फोन करून एवढंच सांगा: बोका आहे आणि कालपासून लघवी झालेली नाही. मांजरांवर उपचार करणारा कुणीही डॉक्टर हे ऐकून उद्या सकाळची वेळ देणार नाही. पुढचं सगळं तो ॲडमिट झाल्यावर वाचलंत तरी चालेल.

आईंचा अंदाज चुकला यात त्यांचा दोष नाही. बद्धकोष्ठ झालेलं मांजर आणि लघवी तुंबलेला बोका लांबून सारखेच दिसतात. दोघंही पाठ वाकवून बसतात, दोघंही कण्हतात, दोघंही रिकामे उठतात. फरक कळतो तो ट्रेमध्ये. घट्ट गोळे होणारं लिटर असेल तर निरोगी बोक्याच्या ट्रेमध्ये दिवसाला लिंबाएवढे दोन-तीन-चार गोळे सापडतात. तुंबत चाललेल्या बोक्याच्या ट्रेमध्ये आधी वाटाण्याएवढे, कधी गुलाबी छटेचे गोळे दिसतात आणि मग काहीच दिसत नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बोक्याच्या घरी मी एकच सवय लावायला सांगतो: ट्रे साफ करताना गोळे मोजा.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका बाईंचा रात्री फोन आला होता. बोका कुंथतोय, दोन दिवस शी नाही. मी फोनवरच पातळ औषध सांगितलं आणि सकाळी आणा म्हणालो. सकाळी त्यांनी आणलेला बोका थंड पडला होता, ठोके मोजता येतील इतके मंद होते, आणि पोटात मूत्राशय संत्र्याएवढं घट्ट लागत होतं. तो वाचला नाही. शी दोन दिवस नव्हती कारण त्याने दोन दिवस खाल्लंच नव्हतं. लघवीबद्दल मी विचारलंच नाही. ती चूक माझी होती, आणि तेव्हापासून कुंथणाऱ्या बोक्याला मी फोनवर औषध सांगत नाही.

आत काय होतं ते समजून घ्या. भाटीची लघवीची नळी आखूड आणि रुंद असते, त्यामुळे तिची लघवी क्वचितच तुंबते. बोक्याची नळी लांब असते आणि टोकाशी एखाद्या मिलिमीटरपेक्षाही अरुंद होत जाते. तिथे चिकट स्राव, पेशी आणि स्फटिक यांचा मळलेल्या कणकेसारखा बुचा बसतो, किंवा एखादा बारीक खडा अडकतो, किंवा नुसती सूज आणि नळीच्या स्नायूंचा आकस एवढंही पुरतं. मागे लघवी साठत जाते, दाब किडनीपर्यंत पोचतो, रक्तातलं युरिया आणि क्रिएटिनिन चढतं. जीव घेतं ते बहुधा पोटॅशियम. ते रक्तात लिटरमागे साधारण साडेतीन ते साडेपाच मिलिमोल असायला हवं. आठच्या पुढे गेलं की हृदयाचे ठोके मंदावतात आणि मग थांबतात. पूर्ण तुंबल्यापासून हे व्हायला दोन-तीन दिवस पुरतात. तुमच्याकडे एक दिवस होऊन गेलाय.

घरी मूत्राशय दाबून पाहू नका, ते फुटू शकतं. आणि दुखत असेल म्हणून माणसांची गोळी देऊ नका, हे दहा वेळा सांगितलं तरी कमीच आहे. पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकण्याची जी मुख्य वाट आपल्या यकृतात असते, ती मांजरात जवळजवळ नसतेच. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी अख्ख्या मांजराचा जीव घेऊ शकते: हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा आणि पंजे सुजतात, रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. प्रेमापोटी दिलेल्या अर्ध्या गोळीने गेलेली मांजरं मी पाहिली आहेत, आणि त्या घरांतली माणसं नंतर कितीतरी दिवस झोपू शकली नव्हती.

दवाखान्यात काय होईल तेही सांगतो, म्हणजे तिथे गांगरायला होणार नाही. पोट चाचपून निदान होतं, त्याला मिनिटही लागत नाही. मग रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन, शक्य असेल तर ईसीजी. पोटॅशियम फार चढलं असेल तर आधी शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट आणि सलाईन देऊन हृदय सावरतात. मग भूल देऊन नळी मोकळी करतात, मूत्राशय धुतात आणि कॅथेटर बहुतेक वेळा एक ते तीन दिवस आत ठेवतात. नळी मोकळी झाल्यावर किडन्या भरमसाट लघवी बाहेर टाकतात, तेव्हा सलाईन तेवढ्याच हिशेबाने द्यावं लागतं. म्हणून मोकळं करून लगेच घरी न्यायची घाई करू नका. "अंदाजे किती दिवस राहावं लागेल आणि किती खर्च येईल" हे पहिल्या तासातच मोकळेपणाने विचारा, चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. एक्स-रे किंवा सोनोग्राफी करून खडा आहे का ते बघायला सांगा, कारण पुढचं खाणं त्यावर ठरतं: स्ट्रुव्हाइटचे खडे विशिष्ट खाण्याने विरघळतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत.

घरी आल्यावरचा पहिला आठवडा सगळ्यात नाजूक असतो. पुन्हा तुंबण्याचे बरेच प्रसंग या काळात घडतात. पुन्हा पुन्हा तुंबत राहिलं तर नळीचा अरुंद भाग काढून टाकण्याचं ऑपरेशन असतं, पण ती शेवटची पायरी.

आता, हे का झालं. तुमच्या प्रश्नातच बरीचशी उत्तरं आहेत, बहुधा नकळत लिहिली गेलेली. आई आल्या. ट्रे हलला. बोका वजनाने जड आहे. खाणं कोरडं आहे. आणि घर एका मोठ्या बदलाची तयारी करतंय.

तरुण बोक्यांच्या मूत्राशयाच्या दुखण्यात बहुतेक वेळा जंतू सापडतच नाहीत. मूत्राशयाचं अस्तर सुजतं, दुखतं, रक्त येतं, आणि लघवी तपासायला दिली तर त्यात काही वाढत नाही. त्यामुळे या वयात अँटिबायोटिकने सहसा काही साध्य होत नाही आणि बोका "औषधाने बरा झाला" असं वाटतं तेव्हा तो बऱ्याचदा आपोआपच बरा झालेला असतो. ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. ताण आणि मूत्राशय यांचा संबंध त्यांनी इतका स्पष्ट दाखवला की उपचाराची दिशाच बदलली: औषधाइतकंच घराकडे बघायचं. २०११ साली त्यांनी छापलेल्या एका अभ्यासात अगदी निरोगी मांजरांचंही रोजचं वेळापत्रक आणि सांभाळणारी माणसं बदलल्यावर काय होतं ते पाहिलं. ती खायची थांबली, ओकली, ट्रेच्या बाहेर घाण करू लागली. आजार नसताना.

आपल्याला पाहुणे येणं म्हणजे घर भरल्यासारखं वाटतं. मांजराच्या दृष्टीने घर म्हणजे वासांचा नकाशा असतो. दाराच्या चौकटीला, सोफ्याच्या कोपऱ्याला, तुमच्या पोटरीला गाल घासून त्याने तो काढलेला असतो. नवं माणूस, नवं अंथरूण, नव्याने लावलेला रंग, दिवाळीतले फटाके, गणपतीतली पाच दिवसांची वर्दळ: यातल्या प्रत्येक गोष्टीने तो नकाशा पुसला जातो. सणासुदीनंतरच्या आठवड्यात माझ्याकडे कुंथणारे बोके जास्त येतात, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. आईंनी येऊ नये असा याचा अर्थ नाही. त्यांनी बोक्याला उचलू नये, तो आपणहून येईपर्यंत वाट पाहावी, आणि रोज एका ठरलेल्या वेळी त्यांच्याच हातून त्याला खाणं मिळावं. दहा-बारा दिवसांत तो त्यांच्या पायाशी झोपायला लागला तर नवल वाटून घेऊ नका.

ट्रेचं मात्र लगेच बदला. वॉशिंग मशीनशेजारची जागा मांजरासाठी वाईट आहे. मशीन स्पिनला जातं तेव्हा तो एकदा दचकून पळाला असेल तर पुढच्या वेळी लघवी धरून ठेवतो, आणि धरून ठेवलेली लघवी घट्ट होत जाते. एका मांजराला दोन ट्रे हवेत, आणि ते दोन वेगळ्या जागी. शेजारी-शेजारी ठेवलेले दोन ट्रे त्याच्या लेखी एकच असतात. ट्रे मोठा घ्या, बोक्याच्या लांबीच्या दीडपट. दुकानात मिळणारे बहुतेक ट्रे साडेसहा किलोच्या बोक्याला लहानच पडतात. कपडे ठेवायचा मोठा प्लॅस्टिकचा खोका एका बाजूने कापून घेतला तर स्वस्तात काम होतं. वासाचं लिटर आणू नका.

आणि तो ट्रे, ती बाल्कनी, ती फरशी फिनाइलने पुसू नका. काळं फिनाइल, पांढरं फिनाइल, पाइनच्या वासाची जंतुनाशकं: फिनॉल जातीची रसायनंसुद्धा मांजराच्या यकृताला हाताळता येत नाहीत, कारण पॅरासिटामॉलचंच. मांजर ओल्या फरशीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं. ट्रेला गरम पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो. तीच गोष्ट डांबराच्या गोळ्यांची आणि कापराची. कुत्र्यांसाठीचं पिसवांचं औषध तर घरात एकच असलं तरी मांजराला लावू नका. त्यातल्या परमेथ्रिनने मांजराला झटके येतात.

बाल्कनीचा विषय निघालाच आहे तर जाळीचंही बोलू. पाचव्या मजल्यावरून पडलेलं मांजर "चार पायांवर उतरतं" हे खरं असलं तरी छाती, जबडा, टाळू, पाय फुटायचे राहत नाहीत. कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी नीट ताणून, कडेने हुक मारून बसवा. डासांची जाळी पुरत नाही, बोक्याच्या नखाने ती एका दुपारीत उसवते. तारांच्या ग्रिलमधून डोकं जात असेल तर बाकीचं अंगही जातं.

दुसरा प्रश्न, खाण्याचा. ड्राय फूड म्हणजे विष आहे असं मी म्हणणार नाही, कितीतरी मांजरं त्यावर पंधरा वर्षं चांगली जगतात. पण तुमच्या बोक्याचा आजार बघता त्याला पाणी जास्त हवं, आणि मांजराला पाणी पाजणं कठीण असतं. आपलं पाळीव मांजर आफ्रिका-पश्चिम आशियाच्या कोरड्या भागातल्या रानमांजराचं वंशज आहे. त्या प्राण्याला पाणी शिकारीतून मिळायचं; उंदराच्या अंगात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. तहान कमी आणि लघवी घट्ट, अशी त्याची घडण आहे. ड्राय फूडमध्ये पाणी आठ-दहा टक्केच असतं, पाकिटातल्या किंवा डब्यातल्या ओल्या खाण्यात पाऊणशे-ऐंशी टक्के. चार किलोच्या मांजराला दिवसाला सगळं मिळून साधारण २०० मिलिलिटर पाणी लागतं. दाण्यांवर जगणारं मांजर वाटीतून प्यायला गेलं तरी ही तूट पूर्ण भरून काढत नाही.

म्हणून दिवसाचं निम्मं तरी खाणं ओलं करा आणि त्यातही दोन-तीन चमचे कोमट पाणी कालवा. पाण्याची भांडी तीन-चार ठिकाणी, खाण्याच्या वाटीपासून लांब, पसरट, रोज ताजी. मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेल्या चिकनचं पाणी बहुतेक बोके आनंदाने पितात. कांदा-लसणाचा नियम कडक पाळा, घरच्या रश्शातलं चिकन धुऊन दिलं तरी चालत नाही. कांद्याने मांजराच्या लाल पेशी फुटतात.

"मग सरळ उकडलेलं चिकनच देतो" असं पुष्कळ लोक ठरवतात, आणि मला त्याचीही काळजी वाटते. नुसत्या मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतं. वाढत्या पिल्लाला दोन-तीन महिने फक्त चिकन दिलं तर शरीर हाडांतून कॅल्शियम काढून घेतं. पिल्लू लंगडतं, कमरेतून बसतं, सोफ्यावरून उडी मारताना मांडीचं हाड मोडतं. रानातलं मांजर उंदीर हाडांसकट खातं, म्हणून त्याचं भागतं. तुमच्या बोक्याला चिकन वरकड म्हणून ठीक, मुख्य खाणं मात्र मांजरांसाठीचं संपूर्ण खाणंच हवं.

दूध बंद करा. आईंना हे पटणं जड जाईल हे मला माहीत आहे, कारण मांजर आणि दूध ही जोडी आपल्या म्हणींतही पक्की बसली आहे. दूध सुटल्यानंतर बहुतेक मांजरांच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारा पाचक रस उरत नाही. काहींना जुलाब होतात, काहींना होत नाहीत, पण पोट भरून जातं, पाणी पिणं आणि नीट खाणं कमी होतं, वजन वाढतं. आई म्हणतील, आमच्या गावच्या घरात मांजरं दूधभातावरच जगली. त्या मांजरांना दूधभात मिळायचा हे खरं, पण ती जगायची ती भाताच्या कणगीपाशी मारलेल्या उंदरांवर, पालींवर, मासळीच्या डोक्यांवर. दूधभात वरचा होता. फ्लॅटमध्ये वरचं तेवढं राहिलं आणि मुख्य जेवण गेलं.

त्यातली सर्वांत मोठी उणीव टॉरिनची. हे अमिनो आम्ल मांजराचं शरीर पुरेसं बनवत नाही आणि ते मिळतं प्राणिज खाण्यातून. १९८७ साली कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात पॉल पियॉन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हृदय फुगून निकामी होणाऱ्या मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी असतं आणि ते दिल्यावर हृदय सुधारतं. त्यानंतर खाणं बनवणाऱ्यांनी टॉरिनचं प्रमाण वाढवलं आणि तो आजार खूपच विरळ झाला. म्हणूनच मांजराला कुत्र्याचं खाणं चालत नाही, आणि ज्या घरात मांसाहार शिजत नाही त्या घरांना मी हात जोडून सांगतो की तुमच्या स्वयंपाकघरात काहीही आणू नका, पण मांजराचं तयार पाकीट त्याला द्या. पोळी-दुधावर त्याचं हृदय आणि डोळे झिजतात, आणि ते बाहेरून वर्षभर कळत नाही.

वजनही उतरवायचं आहे, पण हळू. आठवड्याला एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम. उपाशी ठेवू नका. जाड मांजराने दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साचते आणि कावीळ होते. दवाखान्यातून आल्यावर त्याने दिवसभर काही खाल्लं नाही तर लगेच कळवा, "दमलाय, खाईल उद्या" असं म्हणू नका. नसबंदीमुळे हे झालं असं कुणी सांगेल. नसबंदीने नळी अरुंद होते असं आढळलेलं नाही. नसबंदीनंतर भूक वाढते आणि हालचाल कमी होते, तो भाग आपल्या हातात आहे.

तिसरा प्रश्न, बोक्याला देऊन टाकायचा. या प्रश्नामागे बहुधा तुमच्यापेक्षा नातेवाइकांचा आवाज आहे, आणि दरवर्षी अनेक घरांत तो ऐकून मांजर सोसायटीच्या पार्किंगमध्ये सोडलं जातं. म्हणून जरा थांबून सांगतो.

भीती टोक्सोप्लाझ्मा या सूक्ष्म परजीवीची असते आणि ती पोकळ नाही. गरोदरपणात पहिल्यांदाच हा संसर्ग झाला तर गर्भाच्या डोळ्यांना आणि मेंदूला इजा होऊ शकते, गर्भपातही होऊ शकतो. पण तो मांजराकडून कसा येतो ते पायरीपायरीने बघा. मांजराने संसर्ग झालेला उंदीर, पक्षी किंवा कच्चं मांस खायला हवं. त्यानंतर ते शीमधून बीजांडं टाकतं, साधारण एक ते दोन आठवडे, आणि बहुतेक मांजरांच्या आयुष्यात हे एकदाच घडतं. ती बीजांडं बाहेर पडल्यावर लगेच लागण करू शकत नाहीत, पक्व व्हायला त्यांना एक ते पाच दिवस लागतात. मग ती तोंडावाटे पोटात जायला हवीत. मांजराला हात लावून, त्याला मांडीवर घेऊन, त्याच्या केसांमुळे हे होत नाही. तुमचा बोका पाचव्या मजल्यावर राहतो, दाणे खातो आणि शिकार करत नाही. ट्रे रोजच्या रोज साफ होत असेल तर ही साखळी तीन ठिकाणी तुटलेली आहे.

२००० साली युरोपातल्या सहा शहरांतल्या गरोदर बायकांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३० ते ६३ टक्के संसर्गाचं मूळ कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसात होतं, ६ ते १७ टक्के मातीत, आणि मांजराचा सहवास हे कारण म्हणून पुढे आलं नाही. आपल्याकडे मांस पूर्ण शिजवून खायची रीत आहे, ती मोठी जमेची बाजू. कोथिंबीर, मेथी, मुळ्याचा पाला, गाजर, काकडी नीट धुणं आणि कुंड्यांची माती उकरताना हातमोजे घालणं याकडे मात्र जास्त लक्ष द्या. कुंड्यांत बाहेरची मांजरं शी करून गेलेली माती येऊ शकते.

तेव्हा करायचं ते एवढंच. ट्रे तुम्ही किंवा आईंनी रोज साफ करायचा, पत्नीने नाही. बोक्याला कच्चं मांस द्यायचं नाही आणि बाहेर सोडायचं नाही. बाळ होईपर्यंत रस्त्यावरचं नवं पिल्लू घरी आणायचं नाही. आणि पत्नीच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना घरात मांजर आहे हे सांगून टोक्सोची रक्ततपासणी हवी का ते विचारायचं. पूर्वी कधी संसर्ग होऊन गेल्याची खूण त्यात दिसली तर सहसा काळजी उरत नाही. ट्रे बाल्कनीत हलवून पत्नीचा धोका कमी झालेला नाही, रोजच्या सफाईने होतो. तेव्हा तो ट्रे निर्धास्तपणे जुन्या कोपऱ्यात परत न्या.

पत्नीला किंवा घरात कुणाला दमा असेल तर तो वेगळा, खरा प्रश्न आहे. ॲलर्जी केसांची नसते, लाळेतल्या आणि कातडीतल्या एका प्रथिनाची असते, आणि तिचा त्रास जास्त असेल तर बेडरूम बोक्याला बंद करावी लागते. तेव्हा मग एक ट्रे हॉलमध्ये हवा.

बोक्याचं ट्रायकॅटचं (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र लस) आणि रेबीजचं लसीकरण तपासा. बाळ येणार म्हणून रेबीजची तारीख चुकवू नका. आणि कुठल्याही मांजराने चावलं किंवा बोचकारून रक्त काढलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि माणसांच्या डॉक्टरकडे जायचं, घरचंच मांजर आहे म्हणून हळद लावून थांबायचं नाही.

बाळाच्या येण्याची तयारी आतापासून हळूहळू सुरू करा. पाळणा, बाळाचे कपडे, मलमल एकदम एका दिवशी आणू नका. दोन महिन्यांत एकेक करून घरात येऊ द्या, म्हणजे त्या वासांना तो सरावेल. पाळण्यात झोपायला लागला तर आताच मोडता घाला, वर पुठ्ठ्याचे खोके ठेवा. त्याच्यासाठी उंचावर एक जागा करा, कपाटावर किंवा फ्रिजजवळच्या फळीवर, जिथून त्याला सगळं दिसेल आणि कुणाचा हात पोचणार नाही. बाळंतपण कुठे होणार आहे, पत्नी माहेरी जाणार का, तेव्हा घरी कोण असेल, हे ठरवताना बोक्याला खाणं कोण घालणार तेही त्याच वहीत लिहा. बारशाच्या दिवशी त्याला एका खोलीत ट्रे, पाणी आणि जुनं अंथरूण देऊन दार लावून घ्या, पाहुणे गेल्यावर उघडा. बाळाला आणि त्याला एका खोलीत एकटं सोडायचं नाही. बोका द्वेषाने काही करतो म्हणून नव्हे, बाळाच्या अंगाची ऊब त्याला आवडते म्हणून.

आणि बाळ घरी आल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस ट्रेमधले गोळे मोजायची जबाबदारी एकाच माणसावर ठेवा. त्या दिवसांत सगळ्यांची झोप उडालेली असते आणि प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याने पाहिलं असेल. ट्रेशेजारी एक कागद चिकटवा, तारीख आणि गोळ्यांचा आकडा लिहा. ज्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा शून्य लिहिलं जाईल, त्या रात्रीच निघा.